पानं पुसू नयेत

११ मार्च

धाकटे,

तुझा विसराळूपणा काही गेला नाही. खोक्यात बियांची पुडी टाकलीस आणि बी कसलं ते सांगायला विसरलीस. पुडीवर सगळं लिहिलंय म्हणे. लिहिलं असेल गं, पण वाचणार कोण? तुझ्या आईला अक्षराची ओळख नाही, हे तीन वर्षांत विसरलीस? चार दिवस ती पुडी मसाल्यांच्या डब्यात होती. एकदा तर चिमूटभर भाजीत टाकायला काढलीही होती. वास नाही आला म्हणून वाचली.

हे पत्र खालच्या मजल्यावरचे घड्याळजी लिहितायत. तू गेल्यावर राहायला आले, म्हणून तुला ठाऊक नाहीत. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता बोटं किंचित थरथरतात म्हणून दुकान बंद केलं, पण अक्षर म्हणे मोत्यासारखं आहे. मोती की गारगोट्या, मला काय कळणार. त्यांना मी अट घातलीय, की मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं. शिवी दिली तर शिवी. त्यांनीही उलटी एक अट घातली. ‘खोटं सांगितलंत मावशी, तर मी पेन खाली ठेवीन.’ म्हटलं, ठेवा. मला कुठे खोटं सांगायचंय.

तर बी टोमॅटोचं निघालं. तेवीस दाणे. घड्याळजींनी चिमट्याने मोजले, सवय जात नाही माणसाची. आता तू म्हणशील, आईने आणि माती? एकतीस वर्षं लॉन्ड्रीत चादरी धुतल्या. माती म्हणजे माझ्या लेखी डाग. पण फेकवेना. तीन वर्षं दर दोन महिन्यांनी तुझं खोकं येतं आणि आत टोस्ट, टोस्ट आणि टोस्ट. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. पहिल्यांदाच काहीतरी आलं जे खाऊन संपणार नाही.

एक आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुझा गैरसमज नको. तुझ्या बाबांना पोचवून आलो त्या संध्याकाळी, भरल्या घरात सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले होते, ‘यांचा डोळा तू घालवलास.’ डोळ्यांच्या इस्पितळात नोकरी तुझी, ऑपरेशनचा हट्ट तुझा, डोळा गेला त्यांचा. पुढे सात महिन्यांत छातीच्या दुखण्याने तेही गेले. ते शब्द मी परत घेत नाही. हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र टोमॅटोचं आहे.

माझी तब्येत ठणठणीत. डोळे घारीसारखे.

खाली अंगठा देते.

तुझी थोरली
(तुझ्या बाबांनी घरात दोनच बायका आणि त्यांची ही दोन नावं ठेवली, मी बदलणारी कोण.)

२ एप्रिल

धाकटे,

आले! आठव्या दिवशी एक, दहाव्या दिवशी सतरा, आणि बाराव्या दिवशी सगळे. तेवीसच्या तेवीस. गॅलरीत कपडे भिजवायचा जुना पत्र्याचा टब होता, त्याच्या बुडाला घड्याळजींनी भोकं पाडली, त्यात लावलेत. सकाळी दार उघडलं की ओलसर, उग्र वास येतो. पानाला नुसतं बोट लावलं तरी बोटाला तो वास दिवसभर राहतो. मला आवडतो. कोणाला सांगू नकोस.

घड्याळजी म्हणतात, गर्दी झालीय, सहा-सात ठेवा आणि बाकीची उपटून टाका. मी म्हटलं, ‘तुमच्या घरी पाहुणे जास्त झाले की तुम्ही उपटता का?’ आली ती सगळी राहतील. त्यावर ते पुडीची मागची बाजू वाचायला लागले. ज्याला त्याला वाचून दाखवायची घाई. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, कागदावर लिहिलेलं सगळंच काही पाळायचं नसतं.

मी त्यांची उस्तवार फार करते. रस्त्यावरची धूळ गॅलरीत येते, पानांवर बसते. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने एकेक पान पुसते. वरून, खालून, देठापर्यंत. घड्याळजी हसतात. ‘मावशी, झाड आहे, चादर नाही.’ म्हटलं, ‘धुतल्याने आजवर कशाचं वाईट झालंय?’

असं मी म्हणाले आणि मग मलाच पुढे काही बोलवेना.

हे कशाला लिहिलंत? मी आत्ता गप्प बसले ते लिहू नका. लिहिलंत? बरं. राहू दे.

घड्याळजी म्हणतात, मागच्या पत्राच्या वेळी अंगठा कागदावर न पडता टेबलावर उमटला होता आणि त्यांनी हात धरून दुसऱ्यांदा घेतला. टेबल डुगडुगतं त्यांचं. घड्याळजीच्या घरात टेबल सरळ नाही, काय बोलावं.

थोरली

२९ एप्रिल

धाकटे,

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं. मी हात धुतले, पुसले, खुर्ची ओढून बसले, आणि घड्याळजींना म्हटलं, वाचा, सावकाश वाचा. त्यांनी वाचलं. ‘पानं पुसू नकोस. पाणी मुळाशी घाल, तेही कमी.’

म्हटलं, ‘पुढे?’

‘एवढंच आहे, मावशी.’

‘मागून बघा.’

‘मागून कोरं आहे.’

पाकीट झटकून बघितलं, उजेडात धरून बघितलं. घड्याळजींनी तर भिंग लावलं डोळ्याला. दहा शब्दही नाहीत गं. तुझ्या बाबांना दुकानात पाठवताना मी याहून जास्त बोलत असे.

आणि तुझं पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. पानांवर डाग पडलेत. तपकिरी, आणि डागाच्या आत गोल गोल कडी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी, उपमा घड्याळजींची. खालून सुरू झाले ते वर चढत गेले. पाच झाडं मुळाशीच कुजली, मऊ पडून आडवी झाली. बाकीची एकेक करून पिवळी पडली. घड्याळजी पुडी वाचत होते ते हेच होतं म्हणे: विरळ करा, मुळं तुंबवू नका, पानं कोरडी ठेवा. तेवीसची चार राहिली. चौघांना चार वेगळ्या डब्यांत हलवलंय, काठ्या लावल्यात, जुनी चादर फाडून तिच्या पट्ट्यांनी सैलसर बांधलंय. घट्ट बांधलं की खोडाला काचतं, एवढं मला न वाचता कळलं.

डाग आठ दिवसांपासून होते म्हणे. मला घड्याळजींनी सांगितले तेव्हा कळले. डाग शोधायची नोकरी एकतीस वर्षं केलेल्या बाईला! पण गॅलरीत संध्याकाळी उजेड कमी असतो.

एक विचारते. नीट उत्तर दे, किंवा देऊ नकोस. ‘पानं पुसू नकोस’ हे तू टोमॅटोबद्दलच लिहिलंस ना?

थोरली

२१ मे

धाकटे,

आज इथे तंटा झालाय. मी सुरुवातीला सांगितलं होतं, ‘माझे डोळे छान आहेत, असं लिहा.’ तर टक् असा आवाज आला. पेनाला टोपण लावलं यांनी. मग काही नाही. म्हटलं, ‘लिहिताय ना?’ तर म्हणतात, ‘अटीप्रमाणे पेन खाली ठेवलंय.’ मी म्हटलं, ‘तुम्ही माझे लेखनिक की फौजदार?’ तर म्हणे, ‘शेजारी.’ दोन वेळा चहा झाला. शेवटी मी खरं सांगायचं कबूल केलं, तेव्हा टोपण उघडलं आणि हा सगळा तमाशा मागाहून उतरवला.

झालं ते असं. चारही झाडं गुडघ्याच्या वर गेली. घड्याळजींनी सांगितलं, खोड आणि फांदी यांच्या बगलेत जे कोवळे फुटवे येतात ते खुडायचे, नाहीतर झाड नुसतं माजतं आणि फळ धरत नाही. मी तीन दिवस बसून खुडले. खुडलेलं सगळं वाटीत ठेवलं आणि ऐटीत त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी वाटी उजेडाकडे नेऊन बघितली. मग म्हणाले, ‘मावशी, ही फुलं आहेत.’

पिवळी धमक फुलं, म्हणे. मला वाटीत सगळं एकच दिसत होतं. राखाडी.

मग त्यांनी काय केलं, आतून एक लाल बटण आणि एक हिरवं बटण आणून माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, कुठलं लाल? मी बोटांनी चाचपून म्हटलं, मोठं ते. चूक.

आता ऐक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पूर्ण पिकलाय, डावा अर्ध्यावर. डॉक्टरांनी मला थंडीतच सांगितलं होतं. मी ‘बघू’ म्हणून उठून आले. आता घड्याळजींनी हाताला धरून पुन्हा नेलं. डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर आत दाब वाढेल आणि मग ऑपरेशन करूनही नजर परत येणार नाही. अठरा जुलै ही तारीख दिलीय. जायचं की नाही ते महिनाभर आधी कळवायचं.

गंमत बघ. मला वाचता येत नाही म्हणून कोणाला पत्ताच लागला नाही. वाचणाऱ्या माणसाचे डोळे अधू झाले की वर्तमानपत्र पहिली चुगली करतं. माझी चुगली टोमॅटोने केली.

मी जाणार नाहीये. घड्याळजी विचारतात, का? म्हटलं, नवऱ्याचा गेला तसा माझाही जाईल. तर म्हणतात, ‘हे निमित्त झालं. कारण सांगा.’ बघितलंस? लोकांच्या घड्याळाची झाकणं उघडून उघडून ही सवय लागलीय.

कारण त्यांना सांगणार नाही. लिहा, कारण सांगणार नाही.

थोरली

२३ मे

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपल्या मातोश्री आज सकाळी पोस्टासमोरील माझ्या टेबलाशी आल्या असून त्यांच्या सांगण्यावरून प्रस्तुत पत्र लिहीत आहे. पत्ता त्यांनी एका खोक्याच्या फाडून आणलेल्या झाकणावरून दिला. त्यांचे म्हणणे की, नेहमीचे लेखनिक ओळखीचे असल्याने सदर मजकूर त्यांच्या हातून लिहवून घेववत नाही, म्हणून परक्याकडे आल्या आहेत.

मातोश्री सांगतात की, झाडे चार असून बरी आहेत.

मातोश्री सांगतात की, ‘मातोश्री सांगतात की’ असे लिहू नये. तथापि मी गेली वीस वर्षे असेच लिहितो.

त्या सांगतात की, आपल्या वडिलांच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी

येथे त्या थांबल्या. सुमारे दहा मिनिटे झाली. मागे रांग आहे. मी दोनदा विचारले, ‘चौथ्या दिवशी काय?’ त्या माझ्या दौतीकडे पाहत आहेत, किंवा दौतीच्या दिशेने.

त्या उठल्या. ‘फाडून टाका,’ असे म्हणून निघून गेल्या. परंतु पाकिटावर पत्ता लिहून तयार आहे, आणि पुरे झालेले असो वा अर्धे, माझ्या टेबलावरील पत्र मी आजवर फाडलेले नाही. सबब टाकत आहे.

कळावे. मातोश्रींना रस्ता ओलांडताना कोणीतरी सोबत असावे, असे माझे नम्र मत.

९ जून

धाकटे,

आज घड्याळजींना मी भिंतीकडे तोंड करून बसवलंय. गुडघ्यावर पाट, पाटावर कागद. माझ्याकडे बघायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, टोपणाला हात लावायचा नाही. मध्यंतरी पोस्टासमोरच्या एका शहाण्याकडे हे लिहायला गेले होते. परक्यापुढे तोंड उघडेना. ते फाडायला सांगितलं, फाडलं असेल.

आधी टोमॅटो. चारांची तीन झाडं राहिलीत. चौथं मेलं नाही, मी मारलं. तुझं पत्र आल्यावर तीन झाडांना मी फडकं लावणं बंद केलं. पाणी सकाळी, मुळाशी, बोटभर माती कोरडी झाली तरच. चौथ्याला मात्र मी गुपचूप पुसत राहिले. घड्याळजी खाली गेले की रोज. स्वच्छ फडकं, स्वच्छ पाणी. माझ्या हाताने कशाचं वाईट होत नाही, हे मला बघायचं होतं. तीन झाडांना नवी पानं आली, पुन्हा फुलं आली. घड्याळजींनी शिकवलं तशी मी दुपारी फुलांना टिचकी मारते, म्हणजे फळ धरतं. बोटांना लागतात आता, बोराएवढी. चौथं खालपासून शेंड्यापर्यंत डागाळलं आणि परवा काठीला लोंबत राहिलं. मी त्याच्यापाशी बराच वेळ बसले. दिसत नव्हतं, पण पानं हातात चुरत होती.

आता दुसरं.

तुझ्या बाबांच्या ऑपरेशननंतर तू आठवडाभर राहायला येणार होतीस. ड्युटी लागली म्हणून तिसऱ्या दिवशी गेलीस. जाताना काय काय करायचं नाही याचा कागद कपाटाला चिकटवलास. मला वाचता येत नव्हतं म्हणून चुकलं, असं म्हणायची सोय होती. ती सोय मी घेत नाही. तू मला तो दोनदा वाचून दाखवला होतास. दुसऱ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतला होतास. ‘डोळ्याला पाणी लावायचं नाही. हात लावायचा नाही. चिकटलं तरी पुसायचं नाही.’

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय गं, पापण्या चिकटल्यात. मी म्हटलं, धाकटी नको म्हणालीय. ते म्हणाले, नुसतं ओलं फडकं फिरव, तुझ्या हाताने कशाचं वाईट झालंय आजवर? मी नळाच्या पाण्यात फडकं भिजवून पिळलं, त्यांचा डोळा पुसला. वरून, खालून, कोपऱ्यापर्यंत. ते म्हणाले, ‘बरं वाटलं, थोरले.’ पाचव्या दिवशी पुसला. सहाव्या दिवशी पुसला. आठव्या दिवशी पू.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कोणी डोळ्याला पाणी लावलं का? तू तिथे उभी होतीस. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, ‘नाही.’ आणि उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला वाचवलं, आणि मी वाचले. मग ते गेल्यावर सगळ्यांसमोर तुला बुडवलं. कारण कोणीतरी बुडायलाच हवं होतं आणि मला माझी भीती वाटत होती.

घड्याळजी, पाठ हलतेय तुमची. बसा.

आता कारण सांगते, का जात नाही ते. माझं ऑपरेशन झालं, माझा डोळा नीट झाला, तर मग त्यांचा कोणामुळे गेला? डोळा आंधळा राहिला की उत्तर द्यावं लागत नाही. एवढंच कारण आहे.

इस्पितळाला अठरा जूनच्या आधी कळवायचंय. मी काहीच कळवलेलं नाही. तुझ्याकडे काही मागत नाही. माफीही मागत नाही, मागायची लाज वाटते. तुला नुसतं ठाऊक असावं.

घड्याळजींनी पाट टेबलावर ठेवला. मागे वळून माझा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर कुठे टेकायचा तिथे टेकवला. बोटांवर टोमॅटोच्या पानांचा हिरवा-काळा चिकटा बसलाय, साबणाने जात नाही. लॉन्ड्रीवालीच्या बोटांना न जाणारा डाग. अंगठा घाणेरडा दिसला तर तो त्याचा.

थोरली

२ जुलै

धाकटे,

चार पानं! घड्याळजींनी दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज बसला, म्हणून उरलेलं मी पाठ म्हटलं.

‘मला ठाऊक होतं,’ म्हणतेस. पुवाची तपासणी झाली तेव्हाच तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, हे नळाच्या पाण्यातलं आहे. तू बाबांना एकटं गाठून विचारलंस. आणि त्या माणसाने तुला शपथ घातली, की थोरलीला कळू देऊ नकोस की तुला कळलंय, ती कोसळेल.

मी तुझं पत्र ऐकलं आणि पहिल्यांदा काय केलं सांगू? पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. घड्याळजींच्या. दोघं मिळून, बाप आणि लेक, माझ्या भोवती भिंत बांधून बसलात! मी तुझ्यापासून लपवतेय असं मला वाटत होतं, ते मला वाचवत होते, तू दोघांना वाचवत होतीस. तीन माणसांच्या घरात तिघांनाही ठाऊक, आणि तिघंही गप्प. आईला वाचता येत नाही म्हणून तिला कळतही नाही, असंच धरून चाललात ना? तीन वर्षं रात्री उठून मी नळ बंद आहे ना ते बघत होते. कशाला बघत होते, मला विचारायला हवं होतंस.

हा राग आहे माझा. तो संपल्यावर दुसरं काय वाटलं ते लिहून घेण्याजोगं नाही. घड्याळजींनी रुमाल दिला, एवढं लिहिलं तरी पुरे.

तू लिहितेस, ‘डोळ्याचा राग नाही. सगळ्यांसमोर म्हणालीस त्याचा आहे, अजून आहे.’ असू दे. खोटं लिहिलं असतंस तर माझी खात्री पटली नसती. तू म्हणतेस, बी मुद्दाम पाठवलं नव्हतं, तुझ्या मुलीच्या, माझ्या नातीच्या, शाळेतली पुडी खोक्यात पडली असेल. म्हणजे मी पहिल्याच पत्रात तुला विसराळू म्हटलं ते फुकटच. ते परत घेते.

त्या दिवशी जे म्हणाले ते मात्र नुसत्या पत्रात परत घेता येत नाही. शब्द सगळ्यांसमोर टाकले होते, सगळ्यांसमोरच उचलायला हवे. म्हणून रविवारी मी जिन्यात खुर्ची टाकून बसले. त्या संध्याकाळी घरात होत्या त्यांतल्या तिघी अजून इमारतीत आहेत. शिवणवाली, वरची मास्तरीण, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची आई. तिघींना बोलावलं आणि म्हटलं, ‘माझ्या नवऱ्याचा डोळा माझ्या लेकीने नाही घालवला. मी घालवला. असा.’ आणि कसा ते सांगितलं. शिवणवाली म्हणाली, ‘जाऊ द्या, झालं गेलं.’ मी म्हटलं, ‘जाऊ द्यायचं की नाही ते माझी लेक ठरवेल, तू फक्त ऐक.’ मास्तरीण मात्र उठून माझ्या दाराशी गेली, टोमॅटोकडे बघून आली आणि म्हणाली, ‘एक लाल व्हायला लागलाय.’

तर आता कामाचं. सतरा जूनलाच मी इस्पितळाला हो कळवलं होतं. हो, तुझं पत्र यायच्या आधीच. घड्याळजी साक्षीला आहेत. तुझं उत्तर येईल की नाही ते ठाऊक नव्हतं, पण आंधळं राहून लपायचं कारण मी पत्रात बंद करून तुला पाठवलं होतं, इथे काही उरलं नव्हतं. अठरा जुलैला उजवा डोळा.

पण मला माझ्या हातांचा भरवसा नाही गं. ऑपरेशन करणाऱ्याची भीती वाटत नाही, चौथ्या दिवसाची वाटते. खाज सुटेल, पापण्या चिकटतील, आणि हे हात आपसूक नळाकडे जातील. एकतीस वर्षांची सवय आहे त्यांना, मला विचारून जात नाहीत. घड्याळजी म्हणाले, मी बसतो पहाऱ्याला. बसतील बिचारे, पण मी म्हटलं तर ते मला फडकं भिजवूनही देतील, आता एवढे पाघळलेत. मला असं कोणीतरी हवंय जे माझ्यावर रागावलेलं आहे. जे माझे हात धरून ठेवेल आणि मी कितीही गोड बोलले तरी सोडणार नाही.

आठ दिवस. रजा मिळाली तर. नाही मिळाली तर तसं कळव, दहा शब्दांत कळवलंस तरी चालेल.

टोमॅटो तिन्ही झाडांवर मिळून अकरा लागलेत. लाल झालेत की नाही ते मला दिसत नाही, आणि घड्याळजींनी सांगितलं तरी मी खुडणार नाही. बोटांनी दाबून बघते, वास घेते, सोडून देते. पिकले की पक्षी नेतील म्हणतात. चादरीची जाळी करून टाकलीय वरून. पट्टी उघडल्यावर मला पहिल्यांदा कोणाचं तोंड दिसावं ते मी इथे सांगत नाही, पण दुसऱ्यांदा टोमॅटो दिसावा.

आणि खाण्याचं. टोस्ट पाठवणं आता थांबव. मला दात चार आहेत, त्यातले दोन एकमेकांना भेटत नाहीत. तीन वर्षं मी तुझे टोस्ट चहात विरघळवून पितेय. त्याऐवजी जाडं मीठ पाठव. इथे मिळतं ते बारीक, टोमॅटोवर टाकलं की लगेच पाणी होतं. तुझ्या बाबांना जाडं लागायचं, फोडीवर खडा राहिला पाहिजे, दाताखाली कचकन आला पाहिजे. तूही लहानपणी त्यांच्या ताटातून तशीच फोड पळवायचीस, हे तरी विसरली नसशील.

पाठव म्हणाले, पण पोस्टाने नको. ओल लागते. हातात धरून आण. पुडीवर काही लिहू नकोस. मीठ मला चाखून कळतं.

थोरली